ओलावा ब्याऐंशी टक्के

एप्रिलचा पहिला रविवार. माती सुकली की कलमांना आपोआप पाणी सोडणारा पंप बसवायचे ठरले साडेचार हजार, त्यातले दोन आगाऊ. हजर मी, बायको आणि मिरजोळ्याचा तो नेहमीचा मेकॅनिक. "शंभर टक्के, काका," हे त्याच्या प्रत्येक वाक्याचं शेपूट. मातीला बोट लावणं त्याला कमीपणाचं वाटतं. सहा हापूस कलमांपर्यंत तार पुरेना, म्हणून ओलावा मोजणारा सेन्सर त्याने न्हाणीमागच्या माडाखाली खुपसला. तिथे आंघोळीचं पाणी बारमाही मुरतं. आम्ही महिनाभर खेडला लेकीकडे होतो. पंप एकदाही सुरू झाला नाही. परतल्यावर मेकॅनिकला बोलावून वाळलेली दोन कलमं दाखवली, तर हा मोबाईलच बघत राहिला.

"ओलावा ब्याऐंशी टक्के, काका. कलमांनाच रोग असणार."

"मग त्या माडालाच हापूस लागू देत," बायको म्हणाली.

उरलेले अडीच हजार मी शेजारच्या वहिनींना दिले. बाकीची चार कलमं त्यांनी कळशीने पाणी घालून जगवली होती.