शेफालीची गैरहजेरी

"शेफाली दासचं नाव उद्या पटावरून कमी करा," बोडदी म्हणाल्या. बोडदी म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस. "पंधरा दिवस गैरहजर. जागेसाठी कितीतरी मुली थांबल्यात."

फाळणीनंतरची ती वर्षं. कलकत्त्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी सहावीची क्लास टीचर होते. पहिल्या तासाला रोल कॉल, म्हणजे हजेरी, मीच घ्यायची. त्यानंतर आलेली मुलगी दिवसभर गैरहजर धरायची, असा नियम. शेफाली रोज हजेरी संपल्यावरच यायची. मी रागवायची, ती मान खाली घालून मागच्या बाकावर बसायची. घर लांब, निर्वासितांच्या कॉलनीत. म्हणून उशीर होत असेल, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मी घंटेच्या अर्धा तास आधी पोचले. शेफाली जिन्याखाली उभी होती, पुस्तकं छातीशी धरून.

"इतक्या लवकर येतेस? मग वर्गात का येत नाहीस?"

ती म्हणाली, "दिदिमणी, तुम्ही नाव घेतलं की मला बोलावं लागतं."

पहिल्या दिवशी हजेरीला ती 'आइसि' म्हणाली होती. 'आले आहे', तिच्या पूर्व बंगालातल्या, बारिसालच्या बोलीत. सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून, तिने सांगितलं, मॉनिटर लतिका आणि तिच्या मैत्रिणी तिला नळावर गाठून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होत्या.

त्या दिवशी मीही हसले होते.

तशीच बोडदींकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"कुणी मारलं का तिला?"

"नाही."

"मग? मुली हसतातच."

"ती जिन्याखाली लपते, बोडदी. आणि सुरुवात माझ्यापासून झाली."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आज हजेरी दिली तर नाव राहील."

शेफालीला घेऊन मी वर्गात गेले. "पहिल्या दिवशी मी हिला हसले," मी मुलींना म्हटलं. "ते मला शोभलं नाही. शेफाली, चुकलं माझं."

मी हजेरी सुरू केली. तेविसावं नाव तिचं. उत्तर नाही. पुढच्या बाकावरून दबकं हसू आलं.

"लतिका, उभी राहा."

पुन्हा नाव घेतलं. शेफालीने बाकाची कड घट्ट धरली होती.

"आइसि."

या वेळी वर्ग गप्प होता. मी हजेरी लावली.

लतिकाची मॉनिटरगिरी गेली. तिचे वडील भांडून गेले. नळावरचा त्रास मात्र लगेच थांबला नाही. दोन महिने मधल्या सुट्टीत मी तिथे उभी राहिले, तेव्हा थांबला. शेफाली मॅट्रिक होऊन बाहेर पडली.

तेव्हापासून वर्ग हसला, की मी आधी न हसणारी, ते हसू जिला लागलंय ती मुलगी शोधते. बहुतेक वेळा एक तरी सापडते.