मोहाखालचं कापड

सन दोन हजार उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. आमच्या गावात वन समिती आली आणि उन्हाळ्यापुरता मी जंगलाचा राखणदार झालो. सरकारचं म्हणणं साधं होतं. वणवा पुढे सरकू नये म्हणून जंगलात पालापाचोळा काढून मोकळा पट्टा ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. ती गावाने साफ ठेवायची, आणि मोहाच्या झाडाखाली पाला जाळायचा नाही. हे सगळं सभेत मीच वाचून दाखवलं. आवाज असा काढला होता, जणू कायदा मीच केला!

आता मोह वेचायची आमच्याकडची रीतच अशी, की आधी झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करायची आणि मग रोज सकाळी गळलेली फुलं वेचायची. माझी माय जन्मभर असंच करत आली होती. बाबा गेल्यावर तर जंगलाच्या कडेचा तो एक मोह तिचं माहेरच झाला होता. जाळण्याऐवजी कापड अंथरा, असं समितीने सांगितलं, म्हणून मी सौंदडच्या बाजारातून चांगला पांढरा मांजरपाट आणला. मायने तो हाताने चाचपला आणि "बरा हाये" म्हणाली. मला वाटलं, प्रश्न मिटला.

आठवड्याभराने दुपारी धूर दिसला. धावत गेलो तर आग आमच्याच मोहाखालून निघून जाळरेषेला भिडलेली. आम्ही चौघांनी ओल्या फांद्यांनी झोडपून ती विझवली. माय कडेला उभी होती, हातात काडीपेटी. माझं डोकं फिरलं.

"काऊन जाळलंस माय? साऱ्या गावाले सांगून राहिलो मी, अन् घरच्याच माणसानं माहं नाक कापलं!"

ती पदराने माझ्या हातावरची राख पुसायला लागली, तर मी चारचौघांत तिचा हात झटकला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर पाळत ठेवायला म्हणून मी मागोमाग गेलो. जळालेल्या काळ्या जमिनीवर ती भराभर वेचत होती. एकही फिकट फूल सुटत नव्हतं. झाडाच्या दुसऱ्या बाजूला, जिथे आग पोचली नव्हती, तिथे मी हट्टाने मांजरपाट अंथरला. त्यावर फुलं टपटप पडायला लागली. ती येऊन बसली आणि कापडावर तळहात फिरवू लागली, दिवे गेल्यावर चपला चाचपाव्यात तशी. हात फुलाच्या शेजारून जायचा, फूल तिथेच.

पांढऱ्यावर पांढुरकी फुलं तिला दिसतच नव्हती. पाल्यात तर नाहीच नाही. मोतीबिंदू कधीचा वाढत होता, आणि एका घरात राहून मला पत्ता नव्हता. मला माझीच भयंकर लाज वाटली.

मी घरी जाऊन पेटीतून तिची जयंतीला नेसायची गडद निळी साडी आणली आणि मांजरपाट काढून ती अंथरली.

"अरे, हे कायले आणलंस? एकच त चांगली साडी हाये माही!" ती चिडलीच. पण तेवढ्यात फुलं पडली. तिने एक उचललं, दुसरं उचललं, मग तिचा हात थांबेचना.

मी जवळ बसलो. "डोळ्याचं काऊन नाई सांगतलंस माय?"

"सांगतलं असतं, त तू मले घरी बसवलं असतंस," ती वेचता वेचताच म्हणाली.

मी खरोखरच बसवलं असतं.