गळाला बांधायचं वजन

आमची आत्या भंगार वितळवणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर बसते. काम ट्रकांची झडती घेण्याचं, पण एकाही ट्रकाला ती हात लावत नाही. फाटकाच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढे दोन खांब आहेत. त्यांच्या मधून ट्रक मुंगीच्या पावलांनी जातो, आणि भंगारात किरणोत्सर्गी वस्तू दडली असेल तर खांब बोंबलतात. अशी वस्तू भट्टीत गेली तर वितळलेलं सगळं लोखंड बाटतं, आणि मग त्याचे खिळे, बिजागऱ्या आणि पलंग घरोघर पोचतात. म्हणून फाटकावर आत्याचा शब्द शेवटचा. एकदा तिने खुद्द मालकांची गाडी मागे घ्यायला लावली. मालक घामाघूम होऊन "हो हो, घेतो घेतो" म्हणाले. ते ती असं करून दाखवते की मालकांच्या बायकोनेही फसावं.

घरी जेवायला बसलं की तिची शिकवणी सुरू. अणूच्या पोटात खदखद असते, ती म्हणते. ज्याला ती सोसवत नाही तो काहीतरी बाहेर फेकतो आणि स्वतः दुसराच होऊन बसतो. फेकण्याच्या मुख्य तऱ्हा तीन, आणि तिन्ही तिला घरातच सापडल्या आहेत. अल्फा म्हणजे थोरले काका. अंगाने भारी, दोन पावलांत धाप. कागदाचा कपटा आडवा धरला तरी थांबतात, कातडीबाहेर राहिले तर त्यांच्याकडून काही होत नाही. पण श्वासातून नाहीतर घासातून एकदा आत शिरले की बसल्या जागी आजूबाजूचं सगळं मोडून ठेवतात. बीटा म्हणजे धाकटी चुलतबहीण. चणीने बारीक, पायाला भिंगरी. कागदातून निसटते, कातडीत थोडी शिरून चटका देते, पण ॲल्युमिनियमचा पत्रा आडवा आला की गप्प. आणि गॅमा म्हणजे तिच्या वहिनीचा, अर्थात आमच्या आईचा आवाज. त्याला अंग नाही, वजन नाही. दार लावा, भिंत बांधा, तो पोचतोच. अडवायचा तर जाडजूड शिसं हवं, नाहीतर सरळ लांब पळायचं.

"पळा की, धरलंय कोणी," असं आई स्वयंपाकघरातून म्हणते, आणि ते दोन खोल्या ओलांडून स्पष्ट ऐकू येतं.

हा सगळा उद्योग संपतो कधी, असं विचारलं तर ती आतोबांच्या व्यायामाचं उदाहरण देते. एकदम बंद पडत नाही. ठरावीक काळाने निम्मा होतो, मग त्या निम्म्याचा निम्मा. फक्त प्रत्येकाचा काळ वेगळा. कोणी तासांत निम्मा, कोणी दिवसांत, कोणी वर्षानुवर्षं तसाच धगधगतो. आतोबा ताटातून मान वर काढत नाहीत.

तर इतकी सगळी तयारी असलेल्या आमच्या आत्याच्या हातून जी चूक झाली, तिची सुरुवात एका चेष्टेतून झाली.

आधीच्या हिवाळ्यात एक ट्रक आला आणि खांब वाजले. आत्याने भंगार उपसायला लावलं, काही सापडेना. मग तिच्या डोक्यात आलं की ड्रायव्हरला उतरवून ट्रक दुसऱ्याकडून आत नेऊन बघावा. नेला, तर चिडीचूप. ड्रायव्हर एकटा चालत आला, तर खांबांचा आकांत. आत्याने हातातलं मोजणीचं यंत्र त्याच्या अंगावरून फिरवलं. या यंत्राला कारखान्यात किरकिऱ्या म्हणतात, कारण किरण जितके जास्त तितकी त्याची किरकिर जास्त. किरकिऱ्या गळ्यापाशी सगळ्यात जोरात ओरडला. मग ड्रायव्हरने कबूल केलं की गळ्यातल्या गाठीसाठी त्याला हॉस्पिटलात किरणोत्सर्गी आयोडीन दिलं होतं. ते आठवडाभरात जेमतेम निम्मं होतं, म्हणून आत्याने त्याला सांगितलं की बाबा रे, महिनाभर लहान मुलांना मांडीवर घेऊ नकोस.

आत्याचं कौतुक झालं. ड्रायव्हरला उतरवून ट्रक पुन्हा न्यायचा, ही रीतच पडली. पण ड्रायव्हर लोकांनी त्यातून वेगळंच उचललं. त्या फाटकावरची बाई गळ्यात पडते, असं बोलणं रस्त्याभर पसरलं. लांबलांबचे ड्रायव्हर खाली उतरून मान वर करून उभे राहायचे आणि म्हणायचे, बाई, आमचाही गळा तपासा ना. आत्या तोंडावर सगळ्यांना पुरून उरायची. पण त्यानंतर तिने किरकिऱ्या कोणाच्या अंगाजवळ नेला नाही. दोन हात लांब उभी राहायची, काटा बघायची आणि हाताने पुढे व्हा म्हणायची. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. बहुतेक स्वतःलाही नाही.

त्या दिवशी सकाळी बगळा आला. बगळा म्हणजे एक उंच, काटकुळा ड्रायव्हर. जिथे ट्रक थांबेल तिथे पाणी शोधायचं आणि गळ टाकून तासन् तास उभं राहायचं, हा त्याचा छंद, म्हणून हे नाव. बोलणं असं की प्रत्येक शब्द विकत आणलाय. खांब वाजले. बगळा स्वतःच खाली उतरला आणि म्हणाला की माझंही त्या गळ्यावाल्यासारखंच असणार, मलाही हॉस्पिटलात औषध टोचलंय. दुसऱ्याने ट्रक आत नेला. चिडीचूप. बगळा चालत आला, खांब बोंबलले. आत्याने लांबूनच काटा बघितला. आकडा आयोडीनवाल्याच्या जवळपासच होता. तिने हात हलवला आणि बगळा आत गेला.

मग चहाची वेळ झाली. वजनकाट्यावर बसणारे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना काटेवाले म्हणतात. दर वाक्यानंतर "काय म्हणतो मी" विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. चहा बशीत ओतत ते म्हणाले की या बगळ्याचं हृदय तपासलं म्हणे हॉस्पिटलात, काय म्हणतो मी, एवढ्याशा छातीत तपासायला होतं काय. आत्या हसली. मग कप तोंडाशी नेता नेता थांबली. हृदयाचं? आणि कधी? काटेवाल्यांनी आठवून सांगितलं की झाला असेल महिना, तेव्हापासून तो रस्त्यावरच आहे.

हृदयाच्या तपासणीत टोचतात ते टेक्नेशियम, तेही किरणोत्सर्गी. ते सहा तासांत निम्मं होतं. दोन दिवसांनी अंगात शोधून सापडत नाही. महिन्यानंतर तर नावसुद्धा उरत नाही.

मग सकाळी वाजलं काय?

ट्रक बगळ्याविना गेला तेव्हा गप्प होता. माणूस वाजत होता. माणसाच्या आत काही नव्हतं. म्हणजे माणसाच्या अंगावर होतं. खिशात. आणि तिने दोन हात लांबून त्याला पुढे व्हा म्हटलं होतं.

ती उठली तेव्हा कप उलटला. ड्रायव्हरांच्या खोलीत बगळा नव्हता. फोन वाजत होता, पण तो त्याच्या ट्रकातच वाजत होता. एक जण म्हणाला, गेला असेल पाणी बघायला. कारखान्याच्या मागे भट्टीचं पाणी थंड करायचं तळं आहे. आत्याने किरकिऱ्या उचलला, काटेवाल्यांना ओरडून सांगितलं की शिशाचा डबा आणि लांब चिमटा आणा, आणि धावत सुटली. आमची आत्या गुडघे दुखतात म्हणून जिना टाळते. त्या दिवशी ती कोळशाच्या ढिगावरून पलीकडे उतरली.

बगळा काठावर उकिडवा बसला होता. गळाची दोरी दातांत धरलेली, आणि दोन बोटांत काहीतरी चकचकीत. तो त्याला दोरी गुंडाळत होता. आत्या अजून बरीच लांब होती आणि हातातला किरकिऱ्या आत्ताच किरकिरायला लागला होता. पुढे टाकलेल्या प्रत्येक पावलाबरोबर त्याची किरकिर दाट होत गेली, शेवटी सुटे ठोके ऐकू येईनात, एकच सलग आवाज झाला.

"हातातलं खाली ठेवा," ती म्हणाली.

बगळ्याने मान वळवली. त्याला वाटलं, मासे धरायला मनाई आहे. तो दोरी दातांतून न काढता म्हणाला की बाई, दोनच टाकतो, कोणाला कळतंय. आणि वस्तू तशीच बोटांत. आत्याला भीती दोन गोष्टींची होती. घाबरवलं तर तो ती पाण्यात फेकेल, आणि नाही घाबरवलं तर तोंडाशी नेऊन दाताने गाठ आवळेल. ती जागच्या जागी थांबली, आणि अगदी हळू, बाळाला झोपवतात त्या आवाजात बोलली.

"दादा, मासे धरा हवे तेवढे. फक्त ते दगडावर ठेवा आणि माझ्याकडे या. मी तिकडे येणार नाही, तुम्हीच या."

"का?"

"ते तुम्हाला भाजतंय. तुम्हाला कळत नाहीये, पण भाजतंय."

बगळ्याने बोटांकडे बघितलं. बोटांना काहीच झालेलं नव्हतं. तरी त्याने ती वस्तू दगडावर ठेवली आणि लांब ढांगा टाकत आला. तो म्हणतो की बाईचा आवाज ऐकून नाही ठेवली, बाईचं तोंड बघून ठेवली.

भंगार भरलं त्या आवारात आदल्या संध्याकाळी ती त्याला पायाशी सापडली होती. करंगळीच्या पेराएवढी स्टीलची नळी, दोन्ही तोंडं बंद, आकाराच्या मानाने जड. गळाला बांधायला असं वजन शोधून मिळत नाही. उजव्या खिशात टाकली. रात्री ट्रकातच झोपला, त्याच पँटमध्ये, नेहमीसारखा उजव्या कुशीवर.

कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातल्या टाकीची पातळी मोजायच्या यंत्रातला तो गाभा होता, आत सीझियम, वर्षानुवर्षं धगधगणाऱ्यांतलं. यंत्र फोडून कोणीतरी भंगारात घातलं होतं. चिमट्याने उचलून ती नळी शिशाच्या डब्यात गेली, मग तज्ज्ञ आले, त्यांनी ओल्या कागदाने ती पुसून कागद तपासला. कागद स्वच्छ निघाला. नळी फुटलेली नव्हती, आतलं काही बाहेर सांडलं नव्हतं, बगळ्याच्या दातांना, पोटाला, कपड्यांना काही चिकटलं नव्हतं. बीटाला त्या स्टीलने आतच कोंडलं होतं. पण गॅमाला ते स्टील म्हणजे उघडं दार, आणि दारापलीकडे रात्रभर बगळ्याची मांडी होती.

त्यानंतर काहीच झालं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. हॉस्पिटलात बगळ्याचं रक्त रोज तपासायचे, मांडी रोज बघायचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी थोड्या उतरल्या आणि पुन्हा चढल्या. मांडी जशीच्या तशी. बगळा घरी सोडा म्हणायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की थांबा, हे भाजणं आतून बाहेर येतं, विस्तवासारखं लगेच दिसत नाही. आत्या रोज कामावरून थेट हॉस्पिटलात जायची आणि घरी येऊन कोणाशी बोलायची नाही. शिकवणी बंद, नकला बंद. आईने एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "वहिनी, मला यंत्र जवळ न्यायला लाज वाटली. एवढंच झालं."

आई स्वयंपाकघरातून उठून आली आणि तिच्या शेजारी बसली.

मग मांडीवर नाण्याएवढा लाल ठिपका उठला. तो पसरला, फोड आले, फुटले आणि खाली खड्डा पडत गेला. बोटं किरणांत थोडाच वेळ सापडली होती, ती नुसती सालपटून बरी झाली. मांडीचं मेलेलं मांस मात्र कापून काढावं लागलं आणि दुसऱ्या पायाची कातडी तिथे लावली. ती धरते की नाही, यावर पाय राहणार की जाणार ते ठरणार होतं. पहिल्यांदा धरली नाही. दुसऱ्यांदा लावली.

दुसऱ्या वेळेनंतर पट्टी सुटली त्या दिवशी आत्या मलाही घेऊन गेली. बगळा पलंगावर पडला होता, पाय उशीवर. त्याची बायको दाराजवळ स्टुलावर, मुलं दाराबाहेर, आणि बायकोचा एक हात दाराच्या चौकटीवर आडवा, मुलं आत येऊ नयेत म्हणून. त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, चादर ती काठीने उचलायची. कोणी सांगितलं होतं म्हणे, त्याच्या अंगातून किरण येतात.

डॉक्टरीणबाईंनी येऊन सांगितलं की कातडी धरलीय, पाय राहील. बायको रडली, पण जागची हलली नाही.

आत्याने ते बघितलं. ती काही समजावत बसली नाही. सरळ जाऊन बगळ्याच्या पलंगावर बसली, त्याच्या ताटातलं अर्धवट खाल्लेलं सफरचंद उचललं आणि त्याने चावलेल्या बाजूनेच एक घास घेतला. मग चावता चावता म्हणाली की दिवा लागला की खोलीत उजेड पडतो, दिवा नेला की भिंत काही उजेड देत बसत नाही. याच्या अंगावर नुसता उजेड पडला होता, दिवा आम्ही नेला.

बायकोने चौकटीवरचा हात तसाच ठेवून विचारलं.

"म्हणजे हात लावला तर चालतं?"

"कधीपासूनच चालत होतं."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला? इतके दिवस मी—" रोज येऊनही हे सांगायचं आत्याला सुचलं नव्हतं.

बायकोने चौकटीवरचा हात काढला, स्टूल खरडत पलंगापाशी ओढलं आणि नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकलं. मुलं तिच्या मागून सुसाट आत आली.

"हळू," बगळा म्हणाला. "पायाला लागेल."