हळकुंडाची नाडी

आमच्या साडूंचा या जगात कशावरही विश्वास नाही. देवावर आहे असं ते सांगतात, पण देवळाबाहेर एक चप्पल या कोपऱ्यात आणि दुसरी थेट त्या कोपऱ्यात काढून ठेवतात. वसमतहून हिंगोलीला आमच्याकडे यायचं तर आधी एसटीची पाटी वाचतात, मग कंडक्टरला विचारतात, कंडक्टरची पाठ वळली की ड्रायव्हरला विचारतात आणि सीटवर बसल्यावर शेजारच्याला "तुमी कुठं चाललात?" अशा काही आवाजात विचारतात, की तो बिचारा स्वतःच उठून पुन्हा पाटी बघून येतो. लग्नाच्या पंगतीत आचारी जेवलेला दिसल्याशिवाय त्यांचा घास उचलत नाही. आमच्या घरी तर गेली बावीस वर्षं पाण्याचा पेला ते आधी उजेडात धरतात, मग नाकाशी नेतात आणि मग माझ्या बायकोकडे बघत बघत पितात. ती त्यांची सख्खी मेहुणी आहे.

मी तर त्यांच्या संशयातून पास होऊन आलेला माणूस. माझं लग्न ठरत होतं तेव्हा थोरले जावई म्हणून मुलाची चौकशी करायचं काम सासऱ्यांनी त्यांच्यावर सोपवलं. दुसऱ्या कुणी चार माणसांना विचारलं असतं. हे दोन दिवस आमच्या शाळेसमोरच्या पानटपरीवर उभे राहिले आणि परत जाऊन सासऱ्यांना म्हणाले, "पोरगं शाळेत जातंय हे खरं हाय. पन आत जाऊन शिकवतंय का झोपतंय, ते भिंतीमुळं दिसलं न्हाई." एवढ्या अर्धवट शिफारशीवर माझं लग्न झालं. अजूनही भेटले की, "काय गुरुजी, आजकाल काय शिकवून राहिलात?" असं विचारतात आणि मी सांगू लागलो की वकील साक्षीदाराचं ऐकतो तसं मान तिरकी करून ऐकतात. कधी कधी मलाच वाटायला लागतं की आपण शाळेत खरंच जातो ना.

आता यात त्यांचा सगळा दोष आहे असं मी म्हणणार नाही. पस्तीस वर्षं त्यांनी वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, एका अडत दुकानात हळद पारखण्याचं काम केलं. पोत्याच्या तोंडाशी जाड, पिवळीधमक हळकुंडं असतात आणि तळाशी काय असेल ते पोतं भरणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून पोत्याच्या पोटात लोखंडी नळी खुपसून तळातला माल बाहेर काढायचा, हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, वास घ्यायचा, दाताखाली धरायचं, हाच त्यांचा दिवसभराचा उद्योग. वरवर चांगलं दिसणारं काहीही बघितलं की हात तळाकडे जातो, ही सवय त्यांनी पगाराबरोबर घरी आणली. माणसांच्या पोटात नळी खुपसता येत नाही, एवढीच त्यांची जगाबद्दलची तक्रार आहे.

तर अशा माणसावर स्मार्टवॉच निवडायची पाळी आली. झालं असं, की गेल्या वर्षी अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, नळावर पाणी भरता भरता चक्कर येऊन पडल्या. महिन्याभरात पुन्हा पडल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "यांचे ठोके अधूनमधून फार हळू होतात. गोळ्या चालू ठेवा, नाडीवर लक्ष ठेवा, पन्नासच्या खाली गेली तर तसेच उठून या." आणि साडूंचा चेहरा पाहून भाबडेपणाने पुढे म्हणाले, "हाताला एखादं स्मार्टवॉच बांधा, सोपं पडेल." पुण्याचा मुलगा त्याच दिवशी मागवून द्यायला तयार होता. साडूंनी त्याला फोनवर ठणकावलं, "काई धाडू नको. मोडून बघितल्याबिगर या घरात काई येत न्हाई."

वसमतचे दुकानदार त्यांना ओळखतात, म्हणून घड्याळ हिंगोलीत घ्यायचं ठरलं आणि माझ्या रविवारांचं वाटोळं झालं. त्यांनी शंभर पानी वही केली. उभे रकाने आखले: पट्टा, चार्जिंग, पाण्यात चालतं का, आणि शेवटचा सगळ्यात रुंद रकाना, खोटेपणा. आम्ही चार दुकानं फिरलो. दुकानदाराने काचेखालचं घड्याळ काढलं की हे म्हणायचे, "हे वरचं राहू द्या. खोक्यांच्या चळतीत तळाशी हाय ते काढा." एका दुकानातला तिशीतला मालक फारच गोड स्वभावाचा होता. तो हसत हसत म्हणाला, "काका, हे तर झोपसुद्धा मोजतं."

"मी झोपलो का नुसते डोळे मिटून पडलोय, हे त्याला कोन सांगतं?"

"त्याला आपोआप कळतं, काका."

साडूंनी वही मिटली आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, हे आपोआपवालं काम बराबर नसतं."

दुकानातल्यांचं ऐकून समाधान होईना, तेव्हा त्यांची नजर माझ्या मनगटाकडे गेली. बायकोने वाढदिवसाला दिलेलं माझं स्मार्टवॉच त्यांनी एका दिवसासाठी मागून नेलं आणि पुढच्या रविवारी ते पुराव्यासारखं माझ्यासमोर ठेवलं. "हिंगोलीहून औंढ्यापर्यंत मी दीड हजार पावलं चाललो," ते म्हणाले. "एसटीत. सीटवर बसून." मी रस्त्यावरच्या खड्ड्यांची बाजू मांडून पाहिली, पण तोवर त्यांनी खिशातून एक हळकुंड काढलं होतं. शिजवलेलं, वाळवलेलं, घासून चकचकीत केलेलं, चांगलं अंगठ्याएवढं हळकुंड. त्यावर त्यांनी माझं घड्याळ पालथं दाबून धरलं. घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा लुकलुकला, जरा विचारात पडला आणि आकडा आला, चौऱ्याहत्तर.

"घ्या," साडू म्हणाले. "हळकुंडाला नाडी हाय. तुमच्या-माझ्यापेक्षा तब्येत बरी हाय त्याची."

मग तेच हळकुंड घेऊन आम्ही पुन्हा बाजारात. पहिल्या दुकानात हळकुंडाची नाडी अडुसष्ट निघाली, दुसऱ्यात एक्क्याऐंशी. दुसरा दुकानदार म्हणाला, "काका, घड्याळ माणसासाठी असतं, हळदीसाठी नसतं." साडू म्हणाले, "व्हय, पन मेलेलं का जितं एवढं तरी त्याला कळावं का न्हाई?" दुकानदाराने घड्याळ परत काचेखाली ठेवून दिलं. त्या गोड मालकाच्या दुकानात मात्र एका घड्याळाने पुष्कळ वेळ दिवा लुकलुकवला आणि शेवटी आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा दाखवल्या. साडूंनी तीनदा करून पाहिलं. तीनही वेळा रेघाच. मालक ओशाळून दुसरं घड्याळ काढायला लागला, तर यांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. हे मानूस बरं हाय. कळत न्हाई ते कळत न्हाई म्हनतं." मला वाटलं, सुटलो. पण पायरी उतरायच्या आत त्यांना शंका आली की ते कदाचित बिघडलेलंच असेल. मालकही कंटाळून हात टेकत म्हणाला, "काका, घेऊन जा, वापरून बघा, पटलं तर ठेवा." असं ते घड्याळ वसमतला गेलं आणि महिना झाला तरी पटायचंच राहिलं होतं. माझी बायको रोज माझ्यावर उखडायची. "तुमी दोघं घड्याळं पारखत बसा, तिकडं माझी बहीण पुन्हा पडंल तवा कळंल." माझं मात्र एक कायमचं नुकसान झालं. अजूनही माझ्या मनगटावर चौऱ्याहत्तर दिसलं की मनात पाल चुकचुकते.

शेवटी बायकोच्या धाकाने मी एका रविवारी वसमतला गेलो. म्हटलं, आज या प्रकरणाचा निकाल लावायचाच. घरासमोर पोचलो तर ओट्यावर साडू आणि अक्का समोरासमोर बसलेले. अक्कांच्या डाव्या मनगटावर ते घड्याळ. उजवा हात साडूंच्या हातात, आणि दोघांच्या हातांवर साडूंचा मोठा रुमाल अंथरलेला. पूर्वी मोंढ्यात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे, चारचौघांना कळू नये म्हणून. अगदी तसंच दृश्य. साडूंची नजर जुन्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होती आणि ओठ हलत होते. गल्लीतून जाणारे मोंढ्यातले एक म्हातारे हमाल क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काय, किती भाव फुटला?" अक्का लाजून दुसरीकडे बघायला लागल्या. साडूंनी मान वर केली नाही. मिनिट पूर्ण झाल्यावर त्यांनी रुमालाची घडी घातली, वहीत दोन आकडे लिहिले, एक बोटांचा आणि एक घड्याळाचा, घड्याळ सोडवून पुन्हा खोक्यात ठेवलं आणि मला म्हणाले, "सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरकडून शिकून घेतलं. दोन टाइम मोजतो. घड्याळ खोटं बोलून राहिलं का, ते असं धरायचं."

मी चहाच्या निमित्ताने आत गेलो आणि अक्कांना म्हणालो, "आज त्यांच्याकडून हो म्हणवूनच घेतो. किती दिवस हा खेळ चालायचा?"

अक्कांनी गॅस बारीक केला. "भाऊजी, एवढ्यात नका म्हनवू," त्या म्हणाल्या. "लग्नात भटजींनी सांगितलं तवा यांनी माझा हात धरला होता. त्याच्यानंतर आता धरून राहिलेत. घड्याळावर भरवसा बसला की सोडतील."

चहा घेतला आणि निकाल न लावताच मुकाट परत आलो. बायकोला सांगितलं की साडू ऐकत नाहीत. तिचा चटकन विश्वास बसला, कारण ते कधीच ऐकत नाहीत. पण माझ्या जिवाला घोर लागला. डॉक्टरांनी सांगितलेलं आठवायचं आणि वाटायचं, काही कमीजास्त झालं तर त्यात आपलाही हात राहील. वसमतहून फोन आला की पहिल्याच घंटेला मी उचलायचो.

तो फोन आलाच, एका शुक्रवारी, शाळेची मधली सुट्टी संपता संपता. साडूच बोलत होते. "गुरुजी, त्रेचाळीस भरली. घड्याळबी त्रेचाळीसच म्हनलं. नांदेडला आलोय." नंतर समजलं की आकडा कळताच या माणसाने पुन्हा मोजलं नाही, कुणाला विचारलं नाही, वहीत लिहिलं नाही. रस्त्यावर येऊन दिसली त्या पहिल्या गाडीला हात केला आणि अक्कांना घेऊन बसले. गाडी कुणाची, कुठे निघाली, काहीच विचारलं नाही. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते बाकावर बसले होते. डॉक्टरांनी पुढे केलेल्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली. बावीस वर्षांत मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

अक्का वाचल्या. त्यांच्या छातीत कातडीखाली एक छोटंसं यंत्र बसवलं आणि ठोके हळू झाले की ते आपणहून सांभाळून घेतं. साडूंनी घरी आल्या आल्या हिंगोलीच्या त्या मालकाला फोन करून घड्याळ ठेवून घेतलं, एका शब्दाचीही घासाघीस न करता. ते घड्याळ आता अक्कांच्या डाव्या हातावर कायमचं आहे. मला वाटलं, अक्का म्हणाल्या होत्या तसं होणार, रुमाल सुटणार. पण साडूंनी सगळ्यांना ऐकवलं की आतलं यंत्र कुणी डोळ्यांनी बघितलेलं नाही आणि मोडूनही बघता येत नाही, तेव्हा दोन वेळचं मोजणं चालूच राहील. अक्का वरवर कुरकुरल्या आणि हात पुढे केला.

परवा आम्ही दोघं नवराबायको वसमतला गेलो होतो. बहिणी आत बोलत बसल्या. रुमालाचं काम नुकतंच आटोपलं होतं आणि मी ओट्यावर साडूंशेजारी टेकलो. सहज विचारलं, "आज किती भरली?"

साडूंनी आधी दाराकडे पाहिलं, मग गल्लीत पाहिलं.

"मोजत न्हाई मी," ते म्हणाले. "लई दिवस झाले."

"मग ओठ हलतात ते?"

"हलवावे लागतात. तिचं ध्यान असतं." ते रुमालाची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिले. "गुरुजी, घड्याळ पहिल्या आठवड्यापासून बराबर होतं. बोटाचा आकडा आन् त्याचा आकडा एकच यायचा. मीच पटत न्हाई म्हनून राहिलो. ठेवून घेतो म्हनलं असतं तर हात सोडावा लागला असता. त्या पायी तिला काई झालं असतं तर... " आतून दोघी बहिणींचं हसणं ऐकू येत होतं. मग ते म्हणाले, "तिला बोलू नका. नुसताच धरतो म्हनून कळलं तर लाजंल आन् देणार न्हाई."

अक्कांचं स्वयंपाकघरातलं बोलणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगून टाकलं असतं तर दोघांचंही ओझं उतरलं असतं. पण तेही माझ्यापाशी विश्वासाने ठेवलेलं होतं. मी एवढंच म्हणालो, "नाही सांगणार."

मी वाट बघत राहिलो. आता हे माझ्याकडे मान तिरकी करून बघतील, लेकरांची शपथ घालतील, पुन्हा एकदा फिरवून विचारतील. साडूंनी रुमाल खिशात ठेवला आणि पोरं शाळेत नीट येतात का, असं विचारलं.