डाळ न शिजवणारं पाणी

गायकवाड सर गेल्याचं सावंतकाकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी स्वतःचाच राग आला. महिन्याभरापूर्वी सरांनी घरी बोलावलं होतं, आणि मी नुसती ‘येते, येते’ करत राहिले…

कित्येक वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंबिवली एमआयडीसीत कापडछपाईची पेस्ट बनवणाऱ्या कारखान्यात सर लॅबचे प्रमुख, काका स्टोअर सांभाळायचे आणि मी नवी केमिस्ट, परमनंट व्हायला दोन महिने बाकी. एका सकाळी टाकीतली सगळी पेस्ट फाटली. पेस्ट ज्याच्यावर बनते तो समुद्री शेवाळाचा डिंक एरवी पाण्यात कसा गुळगुळीत विरघळतो, त्या दिवशी नुसत्या गाठी. नोकरी जाईल या भीतीने मी तावातावाने अहवाल लिहिला, की स्टोअरने डिंकच खराब दिला.

सरांनी तो वाचला आणि भलतंच विचारलं, “तुमच्या दिवा गावात टँकर येतो ना गं? त्या पाण्यात डाळ शिजते?”

“कसली शिजते सर! कितीही शिट्ट्या करा.”

“काल इथेही टँकरच आलेला.”

मग त्यांनी शुद्ध पाण्यात तोच डिंक विरघळवून दोन ग्लासांत ओतला. एकात मीठ टाकलं, तो पातळ झाला. दुसऱ्यात कॅल्शियमच्या द्रावणाचे चार थेंब टाकले, लगेच गोळे! “डिंकाच्या साखळ्या त्याच. भोवती सोडियमचे आयन असले की त्या पाण्यात मोकळ्या पसरतात. मीठ वाढलं की आखडतात. पण कॅल्शियम दोन साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं. टँकरच्या जड पाण्यात तेच भरपूर असतं. डाळीतही थोडाफार हाच घोळ.”

मी अहवाल फाडला, काकांची माफी मागितली. पाणी न तपासता डिंक मीच भिजवला होता, त्यामुळे आता वाया गेलेल्या बॅचचं खापर माझ्या डोक्यावर फुटणार होतं. पण मालकांचं बोलावणं आलंच नाही आणि दोन महिन्यांनी मी परमनंट झाले. नशीब चांगलं, असंच इतकी वर्षं समजत होते.

कल्याणला सरांच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला गेले. बुद्धवंदना झाल्यावर काका शेजारी येऊन बसले. “तेव्हा सर स्वतःच मालकांकडे गेलेले. म्हणाले, पोरीला पाणी तपासायला मी शिकवलंच नव्हतं, चूक माझी. त्यांचं प्रमोशन राहिलं त्यात. तुला सांगू नको म्हणालेले.”

ज्या पगारावर माझं घर उभं राहिलं, तो सरांनी राखला होता, आणि मी साधे आभारही मानले नव्हते.

घरी येऊन माळ्यावरून जुनी वही काढली. नोकरीचा पहिला दिवस, पहिलंच पान. माझ्याच अक्षरात, खाली दोनदा रेघ ओढून लिहिलेलं : गायकवाड सर म्हणाले, डिंक भिजवण्याआधी पाणी तपासायचं.