अण्णा घरासकट नेपाळला जातात

माझे मोठे साडू घरात राहण्यासाठी जन्मलेले नव्हते, आणि घर सोडून राहणे त्यांना एक रात्रही जमले नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या की काय होते, ते मी १९९६ सालच्या नोव्हेंबरात नेपाळच्या सीमेवर पाहिले. सीमेवर भरायची रक्कम मोठी नव्हती. गाडीच्या एका दिवसाच्या परवान्याचे, आपल्या रुपयांत, एकशेवीस. हजर माणसे तीन : साडू, त्यांची पत्नी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि मी. साडूंना आमच्याकडे सगळे अण्णा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला अक्का. बेंगळुरात इतकी वर्षे काढल्यावर नात्यांची नावेही इथलीच होऊन जातात.

अण्णा नोकरीत असताना एका कारखान्यात सुट्या भागांची मापे तपासत. ती सवय त्यांनी घरी आणली. कोणाच्याही घरी गेले तर ते पोटभर जेवत, पत्ते खेळत, यजमानांच्या मुलांची गणिते सोडवून देत, पण झोपायची वेळ झाली की चपला शोधू लागत. परक्या घरची उशी त्यांना चालत नसे. उशी साडेतीन इंचांची हवी. "चार इंचांची असली ना, तर गेलेली मान दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत येत नाही," असे ते सांगत. सख्ख्या पुतणीच्या लग्नाला ते धारवाडला गेले, अक्षता टाकल्या, जेवले आणि दुपारच्या बसने येलहंक्याला आपल्या उशीवर परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने पूजेला पुन्हा धारवाडला. आणि हाच माणूस भारताचा रस्त्यांचा नकाशा भिंतीला लावून त्यापुढे दोन-दोन तास खुर्ची टाकून बसत असे. अक्का म्हणायच्या, "लोक टीव्ही बघतात, हे नागपूर बघतात."

मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर अण्णांनी एका शाळेची जुनी पिवळी व्हॅन लिलावात घेतली आणि दीड वर्ष खपून तिचे घर केले. मागे पलंग बसवला, अण्णांच्या उंचीपेक्षा बरोबर दोन इंच लांब. शेगडी, ऐंशी लिटरची पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायची दोरी आणि देवांसाठी एक फळी. वळणावर देव पडू नयेत म्हणून फळीला बोटभर उंचीचा काठ होता. पिवळा रंग मात्र त्यांनी बदलला नाही, कारण तो चांगल्या स्थितीत होता. त्यामुळे सकाळच्या वेळी दप्तरे घेऊन उभी असलेली मुले त्यांना हात करत, आणि अण्णा प्रत्येक ठिकाणी थांबून, ही शाळेची गाडी का नाही, ते खाली उतरून समजावून सांगत. एकदा एका आईला ते पटले नाही. ती दोन्ही मुलींना घेऊन आत चढून पलंगावर बसली. अण्णांनी तिघींना शाळेच्या दारात नेऊन सोडले. "उशीर होत होता त्यांना," एवढेच म्हणाले.

त्यानंतर ते आमच्याकडे इंदिरानगरला मुक्कामाला येऊ लागले. मुक्काम म्हणजे आमच्या फाटकाबाहेर. रात्री जेवण झाले की दोघे शुभरात्र म्हणून बाहेर जात आणि व्हॅनचे दार आतून लावून घेत. तिसऱ्या दिवसापासून दूधवाला अर्धा लिटर तिथेच ठेवू लागला. समोरच्या बाईंनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारले, "बहिणीशी काही बिनसलंय का हो? स्वल्प जागा करून द्या की आत. म्हातारी माणसं आहेत."

आता सीमेबद्दल. अण्णांचा जन्म निपाणीकडच्या एका खेड्यातला. हे गाव कोणत्या राज्याचे, यावर त्यांच्या घरी जेवताना रोज वाद होत असे, वडील एका बाजूला आणि मामा दुसऱ्या. पण ज्या सीमेवरून आमटी थंड व्हायची ती सीमा नेमकी आहे कुठे, हे दोघांपैकी एकालाही दाखवता येत नसे. दहा वर्षांचे असताना अण्णा ती पाहायला सायकलवर गेले. दिवसभर फिरले. उसाचे शेत सापडले, एक विहीर सापडली, एका माणसाने ताक दिले. सीमा सापडली नाही. ही गोष्ट त्यांनी मला निदान तीस वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणत, "साडूबुवा, जिथे बांबू आडवा पडतो आणि माणूस कागद मागतो, ती सीमा. बाकी सगळं बोलणं."

त्या वर्षी जूनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले की काचबिंदू बराच पुढे गेला आहे. आणखी वर्षभर, तेही फक्त दिवसाउजेडी, गाडी चालवता येईल. पुढे नाही. अण्णा घरी आले, नकाशासमोर बसले आणि संध्याकाळी मला फोन करून म्हणाले, "पासपोर्ट न लागणारी एकच सीमा मला झेपण्यासारखी आहे. घर घेऊन जायचं. मी स्वतः चालवत ओलांडणार. एकदाच. रजा काढा."

मला गाडी चालवता येत नाही. मी जायचे ते कागदपत्रांसाठी. मी कचेरीत हिशेब तपासतो आणि कोणतीही यादी अर्धवट असलेली मला सहन होत नाही. परदेशात सामान न्यायचे तर त्याची नोंद हवी, असे मीच म्हणालो, कोणी मागितले नव्हते. दोन रविवार बसून मी व्हॅनमधल्या सर्व वस्तूंची यादी केली. एकशे शहाऐंशी नोंदी, सात पाने, तीन प्रती. पोळपाट एक, लाटणे एक, देव पितळी चार, चमचे बारा. प्रत्येकापुढे अंदाजे किंमत. अण्णांनी यादी वाचली आणि उशीपुढे "साडेतीन इंच" असे स्वतःच्या हाताने लिहिले.

आम्हाला पोहोचायला नऊ दिवस लागले. अण्णा सकाळी सातला निघत आणि ऊन उतरायला लागले की थांबत. अक्का डावीकडे बसून रस्ता वाचून दाखवत : "म्हैस. सायकल. दुसरी म्हैस. तुमच्या बाजूला ट्रक." त्यांचा आवाज रेडिओवर बातम्या सांगणाऱ्यांसारखा एका पट्टीत चालायचा. मी मागे पलंगावर बसून देवांवर लक्ष ठेवत होतो. नागपूरनंतर अक्का जरा जास्त बोलू लागल्या, पण त्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही.

नवव्या दिवशी दुपारी एक वाजता आम्ही गोरखपूरच्या पुढे सीमेवर पोहोचलो. खरोखरच बांबू आडवा होता. अण्णांनी इंजिन बंद केले आणि त्याच्याकडे पाहत राहिले. "सरी," बरोबर, असे ते कानडीत म्हणाले. "हीच."

रीत अशी होती की गाडी आपल्या बाजूला उभी करायची, मालकाने पायी पलीकडे जाऊन खिडकीवर पैसे भरायचे, परवाना आणायचा, मग बांबू वर. माणसे तर सरळ चालत ये-जा करतच होती. पण अण्णा खाली उतरेनात.

"पायी गेलो तर ओलांडून झाली ना सीमा! मग गाडीतून काय ओलांडणार, परतीची?"

"अण्णा, सही तुमची लागेल."

"कागद इकडे आणा. सही इकडे करतो."

त्यामुळे त्या दुपारी मी एकट्याने आंतरराष्ट्रीय सीमा जाऊन-येऊन आठ वेळा ओलांडली, आणि जो माणूस त्यासाठी बावीसशे किलोमीटर आला होता तो बांबूपासून वीस पावलांवर, स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. दर खेपेला मी परतलो की अण्णा विचारत, "काय आहे पलीकडे?" मी काही सांगू लागलो की हात वर करत. "नको, सांगू नका."

खिडकीवरचे अधिकारी सज्जन होते. त्यांनी नुसते विचारले, "गाडीत काय आहे?" रोजचे सामान, एवढे म्हणालो असतो तर दहा मिनिटांत काम झाले असते. मी सात पाने पुढे केली. त्यांनी पहिले पान वाचले, दुसरे वाचले, चष्मा काढला.

"तुम्ही आमच्याकडे राहायला येताय का?"

"नाही. उद्या परत जाणार."

"पोळपाट घेऊन?"

यादी दिली म्हणजे ती तपासणे आले. त्यांनी आपला एक निरीक्षक माझ्याबरोबर पाठवला. तो तरुण माणूस व्हॅनमध्ये शिरला, आजूबाजूला पाहून चपला बाहेर काढून आला, देवांना नमस्कार केला आणि मोजू लागला. अक्कांनी त्याला कॉफी करून दिली. सव्वाचारला एकशे पंच्याऐंशी नोंदी जुळल्या होत्या. चमचे अकरा भरले.

"चालेल," निरीक्षक म्हणाला. "करा सही."

"नाही चालणार," मी म्हणालो. "बारा आहेत."

मी डबे उघडले. गादी उचलली. शेगडीखाली हात घातला. त्या वेळी मला एवढेच दिसत होते की खाली सही असणारा कागद चुकीचा आहे. बाहेर रांगेतल्या गाड्या आम्हाला वळसा घालून जात होत्या. ऊन बांबूवरून खाली उतरून रस्त्यावर आले, मग रस्त्यावरूनही गेले.

"भाऊजी," अक्का माझ्या मागे उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, चमचा एक आहे. दिवसही एकच आहे."

"दोन मिनिटं, अक्का."

चाळीस मिनिटे गेली. चमचा निरीक्षकाच्या हातातल्या कॉफीच्या पेल्यात होता. त्याने तो धुऊन, पुसून मला दिला. मी अण्णांची सही घेतली, पलीकडे जाऊन एकशेवीस रुपये भरले आणि परवाना घेऊन आलो तेव्हा दुकानांत दिवे लागले होते. अण्णा पुढच्या काचेजवळ तोंड नेऊन बसले होते.

"अण्णा, परवाना मिळाला. पण अंधार पडला. उद्या सकाळी नवीन काढू, पैसे मी भरतो."

"उद्या मला दिसेल, असं लिहून देता का?"

मी अक्कांकडे पाहिले. "नागपूरपासून उजव्या डोळ्यावर पडदा आहे," त्या म्हणाल्या. "आज सकाळपासून डाव्याच्याही कडेला आलाय. तुम्हाला सांगू नका म्हणाले. तुम्ही नोंद कराल म्हणून."

माझ्या हातात अजून तो चमचा होता.

"तुला काय दिसतंय गं?" अण्णांनी विचारले.

"बांबू."

"मला नाही दिसत. पण तू दिसतेस, जवळ असलीस तर. केशरी आहे ना आज?"

लुगडे केशरीच होते. अक्का खाली उतरल्या, पदर खोचला आणि व्हॅनच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. निरीक्षकाने आधी हे पाहिले, मग समजून घेतले, आणि स्वतः रस्त्यात जाऊन दोन्ही बाजूंची वाहने थांबवली. बांबू वर गेला. अक्का चालू लागल्या, संध्याकाळी फिरायला निघतात तशा, आणि त्यांच्या मागे पाच पावले अंतर ठेवून पहिल्या गिअरमध्ये ती पिवळी व्हॅन. मी कडेने चालत होतो. एका सायकलरिक्षावाल्याने कुठली तरी मिरवणूक समजून हात जोडले. बांबूखालून जाताना अक्का मागे न बघता म्हणाल्या, "आता आलो हं," आणि अण्णांनी एकदाच, छोटा, हॉर्न दिला.

पलीकडे दोनशे पावलांवर एक मोकळे आवार होते. तिथे अण्णांनी गाडी उभी केली, किल्ली काढली आणि खिडकीतून माझ्या हातात ठेवली. रात्री ते आपल्या उशीवर शांत झोपले. परदेशात त्यांनी दुसरे काहीही पाहिले नाही, आणि पाहायला हवे होते असे ते कधी म्हणालेही नाहीत.

सकाळी मी गोरखपूरचा एक ड्रायव्हर ठरवला. परतीला सहा दिवस लागले. अण्णा प्रथमच डावीकडे बसले आणि त्यांनी एकही सूचना केली नाही. अक्का माझ्याशेजारी मागे बसल्या होत्या. कधीतरी सवयीने "म्हैस" म्हणत आणि मग गप्प होत.

येलहंक्याला पोहोचल्यावर दिवसाचे दीडशे प्रमाणे नऊशे आणि परतीचे रेल्वेभाडे दोनशे ऐंशी, असे अकराशे ऐंशी रुपये मी ड्रायव्हरला दिले. अण्णांनी खिशातून पन्नासची नोट काढून त्याच्यापुढे धरली, जरा चुकीच्या दिशेला. त्याने ती घेतली आणि हे कशाबद्दल, असे विचारले.

"घाटात तुम्ही ब्रेक लावायच्या आधी माझा पाय खाली जात होता," अण्णा म्हणाले. "आवरला नाही. तुम्हाला त्रास झाला असेल."