कुठलं पाटील?

‘ह्या पाटील मॅडम. आमच्या लॅबमध्येच असतात,’ वर्षा म्हणाली.

माझे दोन्ही हात पुरणात. पोळ्यांसाठी उंडे करत होते. मी मान वळवून मागं बघितलं. म्हटलं, कोण पाटील आल्या? मागं फक्त फ्रीज होता.

मग समजलं. पाटील म्हणजे मी.

वर्षाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पाचगावच्या रस्त्याला बांधलेलं घर. मदतीला तिनंच मला सकाळी लवकर बोलावलेलं. ‘तू असलीस की मला धीर येतो,’ म्हणाली होती. मी रजा टाकून गेले. तिच्या सासूबाई, ज्यांना ती आत्ती म्हणते, स्वयंपाकघरात आल्या आणि ‘ह्या कोण?’ म्हणाल्या. माझं तोंड उघडायच्या आत वर्षानं माझं बारसं करून टाकलं.

आडनाव माझं कांबळे. माहेरचंही कांबळे, सासरचंही कांबळे. लग्नात आडनाव बदलायचा त्रास पडला नाही. आम्ही बौद्ध. वर्षाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक.

पण कोल्हापुरात खोटं आडनाव पचवणं सोपं नाही. इथं आडनावावर कुणी थांबत नाही.

‘कुठलं पाटील?’ आत्तींनी लगेच विचारलं.

‘हुपरीकडच्या,’ वर्षाच बोलली. तेवढं मात्र खरं होतं, माझं माहेर हुपरीचं.

‘हुपरीत आमच्या थोरल्या जावंचं म्हायार हाय की. म्हंजे तुमी आमच्या पावण्यातल्याच निघाला.’

आत्ती खूश. मला बसायला पाट दिला. आपल्या हातानं माझ्या केसांत गजरा माळला. ‘हाताला वळण हाय वो तुमच्या,’ म्हणाल्या. इतक्या मायेनं मला कुठल्या परक्या घरात कुणी वागवलं नव्हतं. आणि ती सगळी माया पाटलीणबाईला चालली होती. मला आधी वाटलं, वर्षा थट्टा करते. आता हसेल आणि खरं सांगेल. ती खाली मान घालून पोळी लाटत राहिली.

वर्षा आणि मी मंगळवार पेठेतल्या लॅबमध्ये कित्येक वर्षं शेजारी शेजारी. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, नळीवर नाव चिकटवायचं. नावाच्या बाबतीत वर्षा फार कडक. एका नव्या मुलीनं दोन नळ्यांवरची नावं उलटसुलट लावली, तर वर्षानं तिला रडेपर्यंत झापलं होतं. ‘नाव चुकलं की माणूस चुकला,’ म्हणाली होती. आमचा डबा एक. माझ्या आईच्या हातचा खर्डा ती बोटं चाटून खायची. आणि माझ्या आबांची गोष्ट मी आयुष्यात फक्त तिलाच सांगितली होती.

आबा हुपरीत चांदीच्या पैंजणांच्या कामावर होते. मालकाच्या घरातच कारखाना. कामाला लागले त्या दिवशीच मालक म्हणाला, ‘शिंदे सांगत जा. घरात बायामाणसं असत्यात.’ आबांनी सांगितलं. आम्हा पोरांनाही शिकवून ठेवलेलं, कुणी शिंदे म्हणून विचारत आलं तर मला हाक मारा. आम्हाला तो खेळ वाटायचा. मी बारावीत असताना आबा एकाएकी गेले. कारखान्यातली माणसं निघाली होती. गल्लीच्या तोंडाला त्यांनी विचारलं, ‘शिंद्याचं घर कुठलं?’ कुणीतरी म्हणालं, इथं कुणी शिंदे राहत नाही. ती माणसं परत गेली. ज्यांच्या शेजारी बसून आबांनी उभा जन्म पैंजणांना घुंगरं जोडली, त्यातला एकही माणूस मातीला आला नाही. आबांचे दिवस झाल्यावर आईनं ऑइलपेंट आणून दारावर आडनाव लिहिलं. अक्षरं वाकडी आली, पण लांबून दिसायची.

हे ऐकताना वर्षा रडली होती. माझा हात धरून रडली होती. तीच वर्षा.

आत्ती माझ्या शेजारी बसून बोलत होत्या. शिवाजी पेठेतलं जुनं घर भाड्यानं द्यायचं चाललं होतं, त्याची गोष्ट. ‘परवा एक जोडपं आलतं. दोघंबी बँकेत. गुणी माणसं. मी आडनाव विचारलं, तर कांबळे. म्हटलं, खोली कालच गेली.’ मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘आता तुमच्यापाशी काय लपवायचं. तुमी आपल्यातल्या.’

बाकीच्या बायका हसल्या. मी वर्षाकडं बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. तव्यावरची पोळी तिनं उलटली आणि कडेनं तूप सोडलं. 

‘मी पाटील न्हवं,’ मी म्हटलं. ‘कांबळे. तुमी ज्यांना खोली दिली न्हाय, त्यातलीच.’

आत्तींनी माझ्या गुडघ्यावरचा हात काढला. मग पुरणाच्या पातेल्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे वर्षाला म्हणाल्या, ‘हरभऱ्याची डाळ आणखी हाय का गं घरात?’

‘हाय,’ वर्षा म्हणाली.

आणि डाळीचा डबा काढायला उठली. खोट्या नावाचं मी एकवेळ पोटात घातलं असतं. घाबरली असेल, म्हटलं असतं. पण तो डबा तिनं माझ्यासमोर काढला. माझ्या हातचं पुरण नैवेद्याला चालणार नव्हतं आणि ते माझ्या मैत्रिणीला एका शब्दात पटलं होतं. मी हात धुतले आणि निघाले.

ती गेटपाशी धावत आली. हाताला पीठ तसंच.

‘तुझ्यासाठीच केलं की मी. कुणी तुला काय बोलू नये म्हणून.’

‘डाळ शिजत घातलीस?’ मी विचारलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘आजच्या दिवस गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?’

‘माझ्या बापानं जन्मभर गप्प बसून बघितलंय. तुला म्हाईत हाय.’ मी गजरा काढून तिच्या हातात दिला. ‘हा पाटलीणबाईचा. त्या आल्या की दे. मी जातो.’

त्यानंतर लॅबमध्ये आम्ही कामापुरतं बोलतो. डबा मी वेगळा खाते. तिनं दोनदा माफी मागितली. म्हणाली, ते घरच्यांचं आहे, माझ्या मनात तसं काही नाही. मनात काय आहे ते मी विचारलंच नव्हतं. हातात डाळीचा डबा होता, तो मी बघितला होता.

मागच्या आठवड्यात आत्ती साखर तपासायला आल्या. खुर्चीत बसल्या. बाकावर पाच-सहा माणसं. माझ्याकडं बघून ओळखीचं हसल्या आणि म्हणाल्या, ‘हळू हं, पाटील मॅडम. शीर लवकर घावत न्हाय माझी.’

विसरल्या नव्हत्या. चांगलं आठवत होतं त्यांना. पण सुई माझ्या हातात होती आणि हात त्यांचा होता. म्हणून बाईंनी सोयीचं नाव पुन्हा काढलं. मला वाटलं होतं, मी त्या दिवशी बोलले आणि ते संपलं. संपलेलं नव्हतं.

‘कांबळे,’ मी म्हटलं, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. ‘माझं आडनाव कांबळे हाय, आत्ती. कांबळ्यांच्या हातनं टोचून घ्यायचं असंल तर हात पुढं करा.’

आत्तींनी वर्षाकडं बघितलं. ती मशीनपाशी पाठ करून उभी होती. मीही बघितलं आणि ठरवलं, हे शेवटचं. ती वळेल, काहीतरी बोलेल, म्हणून यापुढं थांबायचं नाही. माझं आडनाव मी स्वतः सांगणार आणि आधी सांगणार, दारात, चुलीपाशी, चारचौघांत, कुठंही. ते ऐकून ज्याला उठायचं असेल त्यानं उठावं. मी जागची हलणार नाही.